एक छिद्र उघडे, एक बंद : शाईच्या कार्ट्रिजमधील दाबाचे गणित

प्रिंटरची नवी कार्ट्रिज वेष्टनातून बाहेर काढली की तिच्या माथ्यावर पिवळी किंवा नारिंगी पट्टी चिकटवलेली दिसते. कार्ट्रिज बसवण्यापूर्वी ही पट्टी ओढून काढावी, अशी सूचना चित्रासह दिलेली असते. घाईत ती काढायची राहून गेली, तर पहिली काही पाने उत्तम छापली जातात. मग अक्षरांमध्ये पांढऱ्या रेघा उमटू लागतात आणि थोड्याच वेळात कागद कोरा बाहेर येतो. कार्ट्रिज शाईने भरलेली असते, प्रिंटरही धडधाकट असतो. पण पट्टीखालचे सुईच्या टोकाएवढे छिद्र झाकलेले राहिल्यामुळे बाहेरची हवा आत जाऊ शकलेली नसते.

याच्या नेमका उलटा प्रकार शाई पुन्हा भरून घेतलेल्या कार्ट्रिजच्या बाबतीत घडतो. दुकानदार कार्ट्रिजच्या वरच्या बाजूला छोटे भोक पाडतो, इंजेक्शनच्या सिरिंजने शाई भरतो आणि भोकावर चिकटपट्टी लावतो. घरी नेल्यावर ती पट्टी किंचित सुटते आणि रात्रीतून प्रिंटरच्या तळाशी शाईचे तळे साचते. पहिल्या प्रसंगी जे छिद्र उघडे हवे होते ते बंद राहिले. दुसऱ्या प्रसंगी जे बंद हवे होते ते उघडे राहिले. कार्ट्रिज म्हणजे शाईची बाटली, अशी समजूत असेल तर या दोन्ही गोष्टींचा उलगडा होत नाही. कार्ट्रिज ही मुळात दाबाचे नियमन करणारी यंत्रणा आहे आणि शाई साठवणे हे तिच्या कामांपैकी केवळ एक काम आहे. पुनर्भरण कधी साधते आणि कधी फसते, याचे उत्तर याच वस्तुस्थितीत आहे. जपानमध्ये एका साध्या प्लास्टिकच्या डबीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला का लढला गेला, हेही त्यातूनच कळते.

इंकजेट प्रिंटरच्या मुद्रणशीर्षात, म्हणजे प्रिंटहेडमध्ये, शेकडो सूक्ष्म नॉझल असतात. त्यांचा व्यास साधारण वीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून बराच कमी असतो. एका वेळी बाहेर फेकला जाणारा थेंब काही पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. हा थेंब फेकण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एका पद्धतीत नॉझलमागचा सूक्ष्म तापक क्षणार्धात तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा उठतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननचे अभियंता इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये डाग देण्याचे तापलेले उपकरण चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागले, सुईच्या टोकातून शाई उडाली आणि त्या निरीक्षणातून या तंत्राचा जन्म झाला, ही हकीकत या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. दुसऱ्या पद्धतीत विजेच्या स्पंदाने आकार बदलणारा पिझो स्फटिक शाईला धक्का देतो. एप्सनने ती अंगीकारली.

पद्धत कोणतीही असो, थेंब फेकला जात नसेल तेव्हा शाई नॉझलच्या तोंडाशीच थांबून राहिली पाहिजे. नॉझल खालच्या दिशेला उघडतात आणि शाईचा साठा त्यांच्या वर असतो; म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे शाई सतत खाली येऊ पाहते. नॉझलच्या तोंडाशी शाईचा पृष्ठताण तिला काही प्रमाणात धरून ठेवतो. मात्र कागदाची धूळ लागली, एखादा धक्का बसला किंवा मुद्रणशीर्षाचा पृष्ठभाग ओला झाला की ही पकड सुटते. म्हणून कार्ट्रिजमधील शाई नेहमी बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाबाखाली ठेवावी लागते. हा ऋण दाब पाण्याच्या अवघ्या काही सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. तो थोडा घटला तर शाई ठिबकते. थोडा वाढला तर नॉझलमधून उलटी हवा आत ओढली जाते आणि छपाई तुटते. कार्ट्रिज पूर्ण भरलेली असो वा संपत आलेली, ही अरुंद मर्यादा सांभाळावी लागते. सारी अडचण या एका अटीत आहे.

सर्वांत जुना आणि सोपा उपाय स्पंजाचा. स्पंजाच्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने शाई धरून ठेवतात. दिव्याची वात तेल धरते तशी. नॉझलने थेंब फेकला की रिकाम्या झालेल्या जागेत शाई स्पंजातून खाली उतरते आणि स्पंजाच्या वरच्या भागात छिद्रातून तितकीच हवा शिरते. हा उपाय स्वस्त आहे, पण खर्चिकही आहे. कारण शेवटची शाई स्पंज सोडत नाही. शिवाय डबीतील बरीच जागा स्पंजच व्यापतो. एचपीने काही कार्ट्रिजमध्ये स्पंज टाळून वेगळी वाट धरली. तिच्या ४५ क्रमांकाच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये शाई एका लवचिक पिशवीत असते आणि पिशवीच्या आतील स्प्रिंग तिच्या भिंतींना सतत बाहेर ढकलत राहते. पिशवी मिटू पाहते, स्प्रिंग तिला मिटू देत नाही. या ओढाताणीतून हवा तेवढा ऋण दाब निर्माण होतो. स्पंज नसल्यामुळे त्या डबीत ४२ मिलिलिटर शाई मावत असे.

कॅननच्या अभियंत्यांनी दोन खोल्यांचा टँक बनवला आणि मागाहून न्यायालयीन वाद उद्भवला तो याच प्रकारच्या टँकवरून. डबीच्या मधोमध एक भिंत असते. एका खोलीत मोकळी शाई असते आणि ती खोली वरून पूर्णपणे हवाबंद असते. दुसऱ्या खोलीत तंतूंचा गादीसारखा गठ्ठा भरलेला असतो. तिच्या माथ्यावर हवेचे छिद्र आणि तळाशी शाई बाहेर पडण्याचे तोंड असते. दोन्ही खोल्यांना जोडणारी फट अगदी तळाशी असते. तंतूंतील शाई वापरली गेली की तिची पातळी उतरते. ती भिंतीतील खाचेपर्यंत आली की हवेचा एक बुडबुडा फटीतून मोकळ्या शाईच्या खोलीत शिरतो आणि तेवढीच शाई तंतूंकडे येते. कार्यालयात पिण्याच्या पाण्याची उलटी ठेवलेली वीस लिटरची बाटली अशाच रीतीने अधूनमधून गुडगुड आवाज करत हवा आत घेते आणि पाणी खाली सोडते. त्या बाटलीच्या तळाला भोक पाडले तर सगळे पाणी एकदम खाली येईल. हवाबंद खोलीवर भोक पाडून ते नीट न बुजवणाऱ्या दुकानदाराच्या हातून नकळत हेच घडते.

टँक प्रिंटरमध्ये सरळ बसलेला असेल तोपर्यंत ही व्यवस्था निर्धोक आहे. मात्र कारखान्यातून ग्राहकापर्यंत येताना तो आडवा पडतो, उलटा होतो, ट्रकमध्ये हिंदकळतो. अशा वेळी तळाची फट वर आली, तर तंतूंच्या खोलीतील हवा मोकळ्या शाईच्या खोलीत शिरते, शाई तंतूंमध्ये उतरते आणि ग्राहकाने झाकण काढताच ती उसळून बाहेर येते. यावरचा उपाय असा, की तंतूंचा गठ्ठा एकसंध न ठेवता दोन तुकड्यांचा करायचा आणि ते एकमेकांवर दाबून बसवायचे. जिथे ते भिडतात त्या सीमेवर तंतू सर्वाधिक दाटतात आणि केशाकर्षण सर्वांत प्रबळ होते. टँक कोणत्याही अवस्थेत असला तरी ही सीमा पूर्ण भिजलेली राहील इतकी शाई कारखान्यातच भरायची. पूर्ण भिजलेल्या थरातून हवा सहजी पार होत नाही. विहिरीत किंवा नदीत पोहताना मुले ओल्या कापडात हवा धरून फुगा करतात, तो याच कारणाने टिकतो. कापड कोरडे असेल तर क्षणात फुसका होईल. सीमेच्या वरचा तंतूंचा भाग मुद्दाम कोरडा ठेवलेला असतो, जेणेकरून तापमान वाढून किंवा दाब बदलून बाहेर ढकलली गेलेली जादा शाई तो शोषून घेईल.

भारतासारख्या देशात या कोरड्या जागेचे महत्त्व सहज लक्षात येते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. चेन्नई किंवा मुंबईच्या हवेत मोहोरबंद झालेल्या टँकमधील बुडबुडा तेथे पट्टी काढताच जवळपास दीडपट फुगू पाहतो आणि समोरच्या शाईला ढकलतो. राजस्थान किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत राहिलेल्या कार्ट्रिजची गतही काहीशी अशीच होते.

हवा आत घेणारे छिद्र दिसते तितके साधे नसते. ते थेट आत उघडले, तर शाईतील पाणी हळूहळू बाष्परूपाने उडून जाईल आणि शाई घट्ट होईल. म्हणून अनेक टँकांच्या माथ्यावर सापासारखी वळणे घेत जाणारी अरुंद खाच कोरलेली असते आणि तिच्यावर कागदी किंवा प्लास्टिकची पट्टी चिकटवून तिची बंद नळी केलेली असते. दाब समतोल होण्यापुरती हवा त्यातून येते. पण वाट लांब आणि अरुंद असल्याने वाफ सहज निसटत नाही. हे लेबल कुतूहलापोटी सोलून काढणाऱ्याला ही नागमोडी खाच स्पष्ट दिसते. मात्र लेबल एकदा सोलले की ती नळी राहत नाही, आणि पुनर्भरणानंतर शाई लवकर घट्ट होण्याचे एक कारण हेच असते.

शाई बाहेर पडते त्या तोंडाशीही प्रत्येक कंपनीची मोहोर वेगळी. ज्या टँकमध्ये मुद्रणशीर्ष नसते, तेथे कार्ट्रिज आणि प्रिंटर यांचा जोड हवाबंद व्हावा लागतो. एप्सनच्या पद्धतीत प्रिंटरमध्ये पोकळ सुई असते. कार्ट्रिज दाबली की सुई तोंडावरचा पातळ पडदा फोडते, रबरी कडे तिला घट्ट वेढते आणि स्प्रिंगवर बसवलेली झडप मागे सरकून शाईला वाट देते. कार्ट्रिज काढली की झडप पुन्हा बंद होते. कॅननच्या टँकमध्ये तळाच्या तोंडाशी असलेले दाट तंतू मुद्रणशीर्षावरील जाळीला टेकतात आणि भोवतीचे रबर कडेने हवा रोखते. एचपीने १९८४ मध्ये थिंकजेट प्रिंटरसोबत शाई आणि मुद्रणशीर्ष एकाच टाकाऊ डबीत देण्याची कल्पना बाजारात आणली. अशा कार्ट्रिजमध्ये हा जोडच उरत नाही. मोहोर फक्त नॉझलवरच्या पट्टीची असते. पट्टी निघाल्यावर तिची जागा प्रिंटरमधील रबरी टोपी घेते. काम संपल्यावर मुद्रणशीर्ष या टोपीवर जाऊन बसते. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद न करता थेट भिंतीवरचा स्विच बंद केला, तर शीर्ष वाटेतच उघडे राहते आणि नॉझल सुकतात. वीज वाचवण्याच्या हेतूने केलेल्या या कृतीची किंमत नव्या कार्ट्रिजइतकी पडू शकते.

शाई पूर्ण संपण्यापूर्वीच कार्ट्रिज संपल्याचा इशारा येतो, ही ग्राहकांची जुनी तक्रार आहे. तिच्यामागे तांत्रिक कारण निश्चित आहे. पिझो पद्धतीत शीर्षात हवा शिरली तर स्फटिकाचा धक्का हवा दाबण्यातच वाया जातो. उष्णतेच्या पद्धतीत शाईविना तापक अतितप्त होऊन जळू शकतो. म्हणून चिप थेंब मोजते आणि थोडी शाई शिल्लक असतानाच काम थांबवते. मात्र ही शिल्लक किती ठेवायची, हे कार्ट्रिज विकणारी कंपनीच ठरवते, आणि तिचा व्यवसाय अधिक कार्ट्रिज विकण्याचा असतो. तांत्रिक सावधगिरी कोठे संपते आणि व्यापारी सोय कोठे सुरू होते, हे डबीबाहेरून पाहणाऱ्याला सांगता येत नाही. शंका घेण्याचा अधिकार त्यामुळेच ग्राहकाकडे राहतो.

रिकाम्या कार्ट्रिजवर हक्क कोणाचा, हा प्रश्न जपानमध्ये ऐरणीवर आला. रिसायकल असिस्ट या कंपनीसाठी कॅननचे वापरलेले टँक गोळा केले जात, मकाऊ येथे त्यांत पुन्हा शाई भरली जाई आणि ते जपानमध्ये आयात करून स्वस्तात विकले जात. वरच्या बाजूला भोक पाडायचे, आतील भाग धुऊन काढायचा, शाई भरायची आणि भोक बुजवायचे, अशी ही प्रक्रिया होती. दोन तंतुगठ्ठ्यांच्या सीमेच्या रचनेवर कॅननचे ३२७८४१० क्रमांकाचे पेटंट होते आणि त्याच्या आधारे कंपनीने ही आयात रोखण्याची मागणी केली.

पेटंट कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे, की धारकाने वस्तू एकदा विकली की त्या वस्तूपुरता त्याचा हक्क संपतो. विकत घेणारा ती वापरू शकतो, दुरुस्त करू शकतो, दुसऱ्याला विकू शकतो. पण जुन्या वस्तूतून नवी वस्तू ‘तयार’ केली, तर तो दुरुस्तीचा भाग राहत नाही. मग शाई पुन्हा भरणे म्हणजे दुरुस्ती की निर्मिती? टोकियो जिल्हा न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये ती दुरुस्ती मानली आणि कॅननचा दावा फेटाळला. बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाच्या विस्तारित पीठाने जानेवारी २००६ मध्ये हा निर्णय फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २००७ रोजी कॅननच्या बाजूने त्यावर शिक्कामोर्तब केले.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत निर्णायक ठरली ती वाळलेली शाई. टँक प्रिंटरमधून काढल्यावर आठवडा-दहा दिवसांत तंतूंमध्ये उरलेली शाई सुकून चिकटते. सीमेवरचे तंतू मग पूर्वीसारखे भिजत नाहीत, त्यांत हवा अडकून राहते आणि हवा अडवण्याची त्यांची क्षमता नष्ट होते. पुनर्भरण करणाऱ्याने आतील भाग धुऊन ही क्षमता परत आणली आणि सीमा भिजेल इतकी शाई भरली, म्हणजेच पेटंटमधील आविष्काराचा गाभाच पुन्हा उभा केला, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. मूळ टँकला शाई भरण्याचे तोंडच नव्हते, भोक पाडूनच तो पुन्हा वापरण्याजोगा करावा लागला, या बाबीलाही न्यायालयाने महत्त्व दिले. यातला विरोधाभास नजरेआड करण्यासारखा नाही. पुनर्भरण करणाऱ्याने टँक न धुता निष्काळजीपणे शाई भरली असती, तर माल निकृष्ट ठरला असता. तरी आविष्काराचा गाभा पुन्हा उभा केल्याचा ठपका त्याच्यावर ठेवणे कठीण गेले असते. काम चोख केले, तेच त्याच्या विरोधात गेले.

अमेरिकेतील न्यायालयांनी वेगळी दिशा धरली. रिपीट-ओ-टाइप ही कंपनी एचपीच्या नव्या कार्ट्रिज विकत घेऊन त्यांत पुन्हा शाई भरता येईल असा बदल करून विकत असे. जुनी कार्ट्रिज टाकून द्यावी, अशी सूचना एचपी देत असली तरी विक्रीच्या वेळी तसा बंधनकारक करार नव्हता. त्यामुळे हा बदल दुरुस्तीसारखाच आहे, असे फेडरल सर्किट अपील न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवले. पुढे ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. पुनर्वापर करणार नाही, अशी अट घालून कार्ट्रिज विकली असली तरी विक्रीबरोबर पेटंटचा हक्क संपतो; विक्री परदेशात झाली असली तरीही तो संपतो, असा निर्वाळा त्या न्यायालयाने दिला. अर्थात अमेरिकी न्यायालयांपुढील वाद एकदा विकलेल्या वस्तूवरील हक्काचा होता. सुकलेल्या तंतूंचा विचार तेथे कोणाला करावा लागला नाही.

भारतात रिकामी कार्ट्रिज हा कायद्याच्या दृष्टीने ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये प्रिंटरसोबत कार्ट्रिजचाही समावेश आहे आणि तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. प्रत्यक्षात मात्र महाविद्यालयाजवळची झेरॉक्सची दुकाने, न्यायालयाबाहेर टंकलेखन करून देणारे आणि शासकीय अर्ज भरून देणारी सेवा केंद्रे एकच कार्ट्रिज अनेकदा भरून वापरतात. यशाचे गमक वर सांगितलेल्या रचनेतच आहे. शाई संपताच, तंतू सुकण्यापूर्वी भरलेली कार्ट्रिज बहुधा चालते. महिनाभर खणात पडलेली सहसा चालत नाही. पूर्ण स्पंजाच्या तिरंगी कार्ट्रिजमध्ये लेबलखालची छिद्रे भरल्यानंतरही उघडी राहावी लागतात. दोन खोल्यांच्या टँकमध्ये हवाबंद खोलीवर पाडलेले भोक पक्के बुजवावे लागते आणि हवेचे छिद्र मोकळे ठेवावे लागते. दोन्हींवर एकच चिकटपट्टी फिरवणारा दुकानदार ग्राहकाला दुसऱ्या दिवशी परत येताना पाहतो.

या साऱ्या खटाटोपाला वळसा घालणारा मार्ग आता बाजारात रूढ झाला आहे. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात आणि पुढच्या वर्षी भारतात बाटलीने शाई भरण्याचा टँक असलेला प्रिंटर आणला. नंतर कॅनन आणि एचपी यांनीही तशी मॉडेल काढली. अशा प्रिंटरची किंमत अधिक असते, पण प्रतिपान खर्च बराच कमी पडतो. यात स्पंजाऐवजी उंचीतील फरक कामाला लावलेला असतो. शाईची पातळी मुद्रणशीर्षापेक्षा खाली राहील अशा बेताने टँक बसवतात. नळीतील शाईचे वजनच तिला मागे ओढून धरते आणि हवा तेवढा ऋण दाब मिळतो. टँकवरील कमाल पातळीची रेघ त्याच हिशोबाने आखलेली असते. तिच्यावर शाई ओतली तर हवेची वाट शाईने भरते आणि दाबाचा हिशोब बिघडतो.

स्थलांतराच्या वेळी मात्र जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. रिक्षात किंवा टेम्पोत प्रिंटर आडवा ठेवला की टँक मुद्रणशीर्षाच्या वर येतो आणि शाई नळीतून नॉझलकडे, तेथून प्रिंटरच्या आतल्या शोषक गादीवर उतरते. म्हणूनच सुरुवातीच्या एल मालिकेतील प्रिंटरच्या बाजूला वाहतुकीसाठीची एक छोटी फिरकी दिलेली होती. ती फिरवली की नळी चिमटली जाऊन शाई जागीच थांबते. नव्या जागी प्रिंटर सरळ ठेवल्यावर ती परत फिरवायला विसरले, तर पहिली काही पाने उत्तम छापली जातात आणि मग पांढऱ्या रेघा उमटू लागतात.